बियाण्याचा डबा भरलाय, पण गच्ची तेवढीच आहे!



आज बोलतोय घरच्या गच्चीवर भाजीची रोपं तयार करून विकणाऱ्या ताई-दादांशी. एक काम करा. बियाण्याचा डबा उघडा आणि पाकिटं मोजा. चाळीस निघाली? साठ? आता रोपांचे ट्रे मोजा.

"अहो सर, पाकीट तर तीस रुपयांचं, त्यात काय एवढं?" नेमकं हेच मला पटत नाही. स्वस्त मालच सगळ्यात जास्त पडून राहतो, कारण घेताना कोणी हिशोबच करत नाही. कृषी प्रदर्शनात 'दोनवर एक फ्री' दिसलं की हात पुढे गेलाच म्हणून समजा!

टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण 300 बिया असतात. 10 ग्रॅमच्या पाकिटात झाल्या 3000. 98 खणांचा ट्रे धरला तर नुसत्या टोमॅटोचेच तीस ट्रे. तुमच्याकडे जागा समजा बारा ट्रेची, आणि त्यातच मिरची, वांगी, कोबी पण बसवायची आहे. उरलेलं बी डब्यातच जाणार ना?

बरं, बी म्हणजे खिळे-स्क्रू नव्हेत. ते जिवंत असतं. टोमॅटोचं, काकडीचं बी कोरड्या, थंड जागी तीन-चार वर्षं निघतं. कांद्याचं मात्र वर्षभरातच दम सोडायला लागतं. त्यात आपला पावसाळा आणि स्वयंपाकघरातली फळी! पाकिटावर टोमॅटोची किमान 70 टक्के उगवण लिहिलेली असते, पण ती तपासणीच्या दिवसाची. तुम्ही पेरता त्या दिवशी किती उरली, हे छापलेलं नसतं. निम्मा ट्रे उगवलाच नाही तर तीस रुपये जाऊ द्या हो. कोकोपीट गेलं, तीन-चार आठवडे गेले आणि ऑर्डर दिलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या नर्सरीत गेलं.

मग कोणीतरी राहीबाई पोपेरेंचं नाव काढतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाईंना देशी बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या बियाणे बँकेची रीत बघा: बी नेणाऱ्या शेतकऱ्यानं पीक आल्यावर दुप्पट बी परत द्यायचं. म्हणजे बी शेतात जातं आणि ताजं होऊन येतं. तुमच्या डब्यातलं बी शेवटचं बाहेर कधी आलं होतं?

छंद म्हणून जमवत असाल तर खुशाल जमवा, माझी काही हरकत नाही. फक्त तो खर्च धंद्याच्या वहीत टाकू नका.

या रविवारी जुन्या प्रत्येक पाकिटातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फडकं वाळू देऊ नका. टोमॅटोचं आठ-दहा दिवसांत कळेल, मिरचीला थोडे जास्त दिवस द्या. सात-आठ मोडल्या तर आधी तेच पाकीट वापरा. तीन-चारच मोडल्या तर ते बी विक्रीच्या ट्रेत नको. न फोडलेली जादा पाकिटं ओळखीच्या नर्सरीवाल्याशी अदलाबदल करून टाका, आणि यापुढे मोठं पाकीट तिघांत मिळून घ्या.

पुढच्या व्हिडिओत एका ट्रेचं कॉस्टिंग काढून दाखवतो. तेव्हा तुमच्या ट्रेचा आकडा हाताशी ठेवा.