साडेनऊ लाख हातमोजे

मंडळी, मागच्या रविवारी मी चार तास बसून चामड्याचे हातमोजे शिवले. बोटाला एकदाही सुई टोचली नाही, कारण शिवले ते मोबाईलवर, ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ नावाच्या गेममध्ये. शेवटी हिशेब मांडला तेव्हा कळलं, गायीची कातडी नुसती विकून टाकली असती तर बरे पैसे सुटले असते. ती कमावून, कापून, शिवून, तिचे छान हातमोजे केल्यावर जे हातात आलं, त्यात एक कटिंगही आली नसती. (गेममध्ये कटिंग मिळत नाही. पण भावना समजून घ्या!)

तर आजचा प्रश्न असा: ऑनलाइन गेममध्ये कारागिरी शिकावी का? की सरळ तलवार घ्यावी, राक्षस मारावेत आणि लागेल ते बाजारातून विकत आणावं?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. रूनस्केप आला २००१ च्या जानेवारीत, इंग्लंडमधून. तेव्हा डाउनलोडची भानगड नव्हती, ब्राउझर उघडायचा आणि खेळायचं. माझी त्याच्याशी ओळख झाली २००५ मध्ये, सदाशिव पेठेतल्या एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये, कळकट हेडफोन आणि शेजारच्या खुर्चीवर ऑर्कुट उघडून बसलेला कुणीतरी. पुढे मूळ गेम बराच बदलला. जुन्या लोकांनी एवढी कुरकुर केली, की कंपनीने २०१३ मध्ये ऑगस्ट २००७ ची जुनी आवृत्ती ‘ओल्ड स्कूल’ नावाने परत आणली. २०१८ मध्ये ती मोबाईलवर आली आणि हिंजवडीच्या बसमध्ये माझी पुन्हा वाट लागली.

या गेमची गंमत म्हणजे इथे मारामारी हा अनेक धंद्यांपैकी फक्त एक धंदा. खाणकाम, मासेमारी, लाकूडतोड, स्वयंपाक, लोहारकाम, चामड्याचं आणि सोन्याचं काम, सगळ्यात वेगवेगळी लेव्हल असते. एकपासून ९९ पर्यंत.

आता माझे हातमोजे घ्या. लम्ब्रिज गावाबाहेरच्या कुरणात गायी मारायच्या. कातडी घेऊन अल खरीद नावाच्या वाळवंटी शहरात जायचं. वाटेत नाका आहे, तिथे दहा नाणी टोल. (हो, तिथेही!) तिथला चांभार एका नाण्यात कातडं कमावून देतो. मग सुई-दोरा घेऊन शिवायला बसायचं. एक जोड शिवला की १३.८ पॉइंट. दुसऱ्या लेव्हलला लागतात ८३. म्हणजे सहा जोड झाले की ८२.८ वर आपण अडकतो आणि सातवा शिवावाच लागतो. ज्याने कुणी हा आकडा ठरवला, त्याचा पूर्वजन्म सरकारी ऑफिसात गेला असणार.

आणि ९९ लेव्हलला? १,३०,३४,४३१ पॉइंट. नुसते हातमोजे शिवत बसलात तर ९,४४,५२४ जोड. अर्थात एवढे कुणी शिवत नाही, पुढे जास्त पॉइंट देणाऱ्या वस्तू येतात. पण डोंगर केवढा आहे याचा अंदाज आला ना? ९२ लेव्हलला पोहोचलात, की आता शिखर दिसतंय असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही अर्ध्या वाटेवर असता. ९२ ला जेमतेम ६५ लाख पॉइंट झालेले असतात.

एवढं करून माल विकला जातो का? सायबर कॅफेच्या दिवसांत वॅरॉक शहरातल्या बँकेसमोर सगळे उभे राहून ओरडायचे, म्हणजे टाईप करायचे. मंडईत शेवटच्या तासाला असतो तसा गलका. तिथे कच्च्या कातड्याला शंभराच्या आसपास नाणी सहज यायची. शिवलेले हातमोजे मात्र फुकटसुद्धा कुणी घेत नसे. शेवटी जनरल स्टोअरवाला दोन-एक नाणी टेकवायचा आणि जास्त माल आणला की भाव अजून पाडायचा.

कच्चा माल महाग आणि तयार माल मातीमोल. उलटी गंगा!

तेव्हा मला वाटायचं, गेम बनवणाऱ्यांचं गणित कच्चं आहे. आज वाटतं, बाजाराचं गणित पक्कं होतं. कातडं विकत घेणाऱ्याला हातमोजे नकोच असायचे. त्याला हवी असायची लेव्हल. तो शंभर नाणी मोजायचा ते १३.८ पॉइंटसाठी, हातमोजा म्हणजे त्यातून उरलेला लाकडाचा भुसा. हजारो लोक शिकण्यासाठी शिवतायत म्हटल्यावर भुशाचा ढीग लागणार आणि भाव पडणार.

लोहारकामात तर कहरच. रूनाइट धातूचं मोठं चिलखत घडवायला लोहारकामाची लेव्हल लागते ९९. पाच लगड्या, त्या वितळवायला चाळीस ढेकळं कोळसा. आणि तेच चिलखत अंगात घालायला? बचावाची लेव्हल ४० आणि एक ड्रॅगन मारून झालेला असला की बास. म्हणजे घडवणारा वर्षभर भट्टीसमोर घाम गाळणार आणि घालणारा महिन्याभरात मिरवणार. मूळ रूनस्केपमध्ये हे गणित २०१९ मध्ये सुधारलं, तिथे आता रूनाइटचं काम पन्नाशीतच सुरू होतं. ओल्ड स्कूलवाले मात्र जुन्या अन्यायाला चिकटून आहेत. परंपरा, यू नो!

मग कारागिरीत पैसा नाहीच का? आहे ना. पण कुठे, ते बघा. पैसे भरून खेळणाऱ्यांसाठी गेममध्ये जवसाची शेतं आहेत. जवस उपटायचं, चरख्यावर कातायचं, धनुष्याची दोरी करायची, बँकेत टाकायची, पुन्हा चरखा. पॉइंट फुटकळ, डोकं शून्य, कंटाळा अफाट. आणि फायदा? चांगला! कारण पुढचं काम शिकणाऱ्याला दोऱ्या हव्या असतात, पण स्वतः कातत बसायचा वेळ नसतो. या एका चरख्याने मला अख्ख्या बाजाराचा नियम शिकवला. ज्या कामातून शिकायला मिळतं, त्याचे पैसे आपण द्यायचे. ज्या कामात कंटाळा येतो, त्याचे पैसे आपल्याला मिळतात.

हे तत्त्वज्ञान मी रविवारी जेवणानंतर मामाला ऐकवत होतो. माझा मामा टर्नर. भोसरीत त्याची छोटी शेड होती, दोन लेथ, जॉबवर्क. तो बराच वेळ माझ्या मोबाईलकडे बघत होता.

“काय चाललंय?”

“हातमोजे शिवतोय.”

“कितीला जातात?”

“दोन नाण्यांना.”

“आणि चामडं?”

“त्याच्या कितीतरी पट.”

मामाने चष्मा कपाळावर चढवला. “मग तुझा धंदा बुडालाय. तुला कुणी सांगितलं नाही का?”

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, “आमच्याकडे असंच झालं. नवीन शेडवाले बँकेचा हप्ता जावा म्हणून, मशीन उभं राहायला नको म्हणून तोट्यात ऑर्डर घ्यायचे. बुशचा भाव असा मागायचे, की मटेरियल आणि लाइटबिलसुद्धा सुटायचं नाही. मी दोन वर्षं काढली तशी. मग लेथ विकले.”

लेथ विकल्याचं मला माहीत होतं. ते का विकले, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. मी मोबाईल पालथा ठेवला.

“पण तुझं ते शिकण्याचे पैसे देण्याचं बरोबर आहे,” मामा पुढे म्हणाला. “आयटीआयमध्ये आम्हाला आधी नुसती कानस चालवायला लावायचे. लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावायचा, उजेड दिसला की परत घासायचा. तो ठोकळा कुणी विकत घेतला नाही. भंगारात गेला. पण हात तयार झाला.” आणि माझ्याकडे बघून विचारलं, “तुझा झाला का?”

आता आली का पंचाईत! खरं उत्तर म्हणजे, नाही झाला. चार तासांत मी एका बटणावर बोट दाबत होतो. लेव्हल वाढली ती स्क्रीनवरच्या पोराची. मला आजही शर्टाचं बटण लावता येत नाही. मामाचे लेथ गेले, पण त्याचा अंगठा अजून कडेवरून फिरतो आणि बर कुठे राहिलीय ते सांगतो. माझी कला सर्व्हरवर आहे. सर्व्हर बंद, की दुकान बंद.

मग ही सगळी हमाली फुकट? सोमवारी बसमध्ये याचाच विचार करत होतो आणि आठवलं, याच गेममध्ये २०१४ पासून ‘आयर्नमॅन’ नावाचा प्रकार आहे. नवीन कॅरेक्टर घ्यायचं आणि सुरुवातीलाच शपथ घ्यायची: कुणाकडून काही घेणार नाही, कुणाला काही विकणार नाही. बाजार बंद. मासा हवा तर पकडा, खायचा तर स्वतः भाजा, तोही पहिल्यांदा जळणार. अंगठी हवी तर सोनं खणा. इथे भाव नावाची चीजच नाही, त्यामुळे हातमोजा दोन नाण्यांचा राहत नाही. तो हातात घालायचा हातमोजा होतो.

म्हणून माझा सल्ला, पटला तर घ्या. पैसे हवे असतील तर गेममध्ये कारागिरीच्या नादी लागू नका. खणा, मासे पकडा, कच्चा माल विका, नाहीतर चरख्यावर बसा. ९९ चा तो मिरवायचा झगा हवा असेल तर खुशाल लेव्हल वाढवा, पण खर्च आपण करतोय हे लक्षात असू द्या. झग्याचेसुद्धा वर ९९,००० मोजावे लागतात. आणि स्वतः केलेली वस्तू स्वतः वापरायची मजा हवी असेल तर आयर्नमॅन व्हा. कारागिरीला खरा अर्थ मला तिथेच सापडला.

जाता जाता ऑफिसचंही सांगून टाकतो. या महिन्यात अप्रेझल होतं. दोन पर्याय समोर होते. जुन्या मेंटेनन्स प्रोजेक्टवर राहिलो तर घसघशीत हाइक, आणि नव्या टीममध्ये गेलो, जिथलं काम मला येत नाही, तर या वर्षी जवळजवळ शून्य. आठवडाभर एक्सेल शीट करत होतो. मंगळवारी ती बंद केली आणि नव्या टीमचा मेल टाकला. पाच वर्षं चरखाच तर फिरवत होतो, बॉस! घरी बायकोने फक्त एक भुवई वर केली. ईएमआय तिलाही दिसतो. मामाला फोन केला तर म्हणाला, “पहिले सहा महिने भंगारच निघेल. घाबरू नको.”

बाकी नवा आयर्नमॅन मजेत आहे. अंगावर फाटकी कापडं, खिशात अकरा नाणी, त्यामुळे टोल भरून अल खरीदला जाताना जीव वर-खाली होतो. पण हातात हातमोजे आहेत. पहिल्या लेव्हलचे, स्वतः शिवलेले.

आणि मापाचे!