चाकांवरचे घर आणि शेठजींचा शब्द

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वाणिज्यग्रामचा हा धनाढ्य गृहस्थ भगवान महावीरांपुढे व्रते घेण्यास उभा राहिला, तेव्हा त्याने सोने, गोधन आणि शेती यांच्याबरोबर गाड्यांचीही मर्यादा केली. दूरदेशी जाणाऱ्या पाचशे गाड्या आणि जवळच्या कामाच्या पाचशे, याहून एकही अधिक नाही. आजच्या वाचकाला हजार गाड्यांची मर्यादा ही मर्यादाच वाटणार नाही. परंतु व्रताचे मर्म आकड्यात नसते. 'इथे थांबायचे' असे मनाने एकदा ठरवणे, हेच ते मर्म होय.

पुण्याच्या भुसार बाजारात चाळीस वर्षे पेढी चालविलेल्या एका शेठजींना या मर्माची उजळणी अमेरिकेतील एका सरोवराच्या काठी झाली.

शेठजींचा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने प्राण्यांच्या निवारागृहातून एक वयस्कर, बेवारस कुत्री घरी आणली. नातीने तिचे नाव 'बिस्किट' ठेवले. बातमी कळली तेव्हा शेठजी फोनवर संतापून म्हणाले होते, "ज्या घरात कुत्रा, त्या घरात मी अन्नपाणी घेणार नाही." व्यापाऱ्याचा शब्द म्हणजे हुंडीच. तो परत कसा घ्यायचा? दोन वर्षे जाणे लांबले. अखेर नातीच्या हट्टापुढे दोघे पतिपत्नी निघाले. पण उतरले ते मुलाकडे नव्हे, तर मिल्पिटासच्या जैन मंदिराजवळ राहणाऱ्या त्याच्या मित्राकडे. सून रोज डबा घेऊन भेटीला येई. शेठजी तिची मायेने विचारपूस करीत. पण डबा उघडीत नसत. हे दृश्य शेठाणींना पाहवत नसे.

जुलैमध्ये मित्रमंडळींनी ताहो सरोवरावर चार दिवसांची सहल आखली. तीन कुटुंबे आणि तीन मोटारहोम. एकात मुलाचे कुटुंब आणि बिस्किट, दुसऱ्यात मिल्पिटासचे मित्र आणि शेठजी-शेठाणी, तिसऱ्यात शेजारचे अमेरिकन जोडपे आणि त्यांचे दोन कुत्रे. तिन्ही गाड्या भाड्याच्या होत्या.

कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून ६,२२५ फूट उंचीवर हे सरोवर पसरले आहे. लांबी २२ मैल, रुंदी १२ मैल आणि सर्वाधिक खोली १,६४५ फूट. त्रेसष्ट प्रवाह त्याला येऊन मिळतात. बाहेर पडणारी नदी मात्र एकच, ट्रकी. तीही समुद्राला न जाता वाळवंटातील पिरॅमिड सरोवरात विसावते. येणे त्रेसष्ट वाटांनी आणि जाणे एका वाटेने, हे ऐकून शेठजी हसले. "अशी पेढी मी आयुष्यात पाहिली नाही," ते म्हणाले.

गाडीची रचना पाहून तर ते थक्क झाले. पंचवीस फुटांच्या चौकटीत शेगडी, शीतकपाट, मोरी, शौचालय आणि सहा माणसांची निजण्याची सोय. स्वच्छ पाण्याची टाकी सुमारे दीडशे लिटरची. खाली दोन निराळ्या टाक्या: एक भांडी आणि स्नानाच्या सांडपाण्याची, दुसरी शौचालयाची. दारालगतच्या फलकावर दिवे लागत आणि कोणती टाकी किती भरली, वीजसाठा किती उरला, ते कळे. सांडपाणी जमिनीवर सोडण्यास सक्त मनाई. ठरावीक जागी जाऊनच ते रिकामे करायचे. त्या तळावर नळाची किंवा विजेची जोडणी नव्हती. म्हणजे चार दिवसांचे पाणी सहा माणसांनी जपून वापरायचे.

पहिल्याच संध्याकाळी तरुण मंडळींची टाकी निम्मी झाली. शेठजींच्या गाडीतील काटा मात्र फारसा हललाच नव्हता. ते लोटाभर पाण्यात हातपाय धूत, तांदूळ धुतलेले पाणी बादलीत राखून ठेवीत. रोज चौदा नियम चितारणाऱ्या माणसाला याचे काय नवल? मित्राची मुले मात्र त्यांना विचारू लागली, "आजोबा, तुम्ही हे कुठे शिकलात?"

शेठाणींचा अनुभव वेगळा होता. त्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यातील डाळ शिजता शिजेना. पुण्याहून आणलेला लहान कुकर अखेर कामी आला. सूर्य सव्वाआठनंतर मावळत असल्याने चौविहार सहज साधला. जेवण होताच उरलेले खाकरे, चिवडा, एवढेच नव्हे तर दंतमंजनही लोखंडी पेटीत बंद करावे लागे. तेथील अरण्यात काळी अस्वले आहेत. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल धीट होते, वस्तीत शिरते आणि पुष्कळदा त्याला मारावे लागते. उघड्या राहिलेल्या एका डब्यापायी पंचेंद्रिय जीवाचा प्राण जाऊ शकतो, हे कळल्यावर शेठाणी रोज रात्री स्वतः पेटीची कडी तपासू लागल्या.

कुत्र्यांनाही नियम होते. सहा फुटांपेक्षा लांब साखळी चालत नसे आणि त्यांची विष्ठा मालकाने उचलावी लागे. यामागे केवळ टापटीप नव्हती. घाणीतील पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते आणि पाणी गढूळते. या सरोवरात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते, याची नोंद १९६८ पासून ठेवली जाते. त्या वर्षी सरासरी १०२ फूट खोलीपर्यंत दिसणारी तबकडी अलीकडे साठ-सत्तर फुटांनंतर दिसेनाशी होते. शास्त्रज्ञांची ही खातेवही शेठजींना फार आवडली. ज्याची नोंद ठेवली जाते, त्याचीच काळजी घेतली जाते, हा पेढीचा जुना अनुभव होता.

तिसऱ्या रात्री अमेरिकन मित्राने लोखंडी कड्यात शेकोटी पेटविली. सारे भोवती बसले. शेठजी थोडे दूर खुर्ची टाकून माळ जपत राहिले. कोणाला टोकणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

पहाटे साडेचारला ते सामायिकासाठी उठले. बाहेर आले तो वारा सुटलेला. कड्यातील राख वरून पांढरी दिसत होती. पण वाऱ्याची झुळूक येताच तिच्यातून लाल डोळे उघडत. भोवती वाळलेल्या सूचिपर्णांचा थर पसरला होता. तेवढ्यात पावलांचा आवाज आला. बिस्किटला फिरवायला मुलगा निघाला होता.

"तू या वेळेला?" शेठजींनी आश्चर्याने विचारले. सूर्योदयापूर्वी उठण्यावरून या मुलाशी त्यांचे पंधरा वर्षे वाद झाले होते.

"रोजच उठतो, बाबा. म्हातारी झाली ती. तिला दम निघत नाही."

निखारे पाहताच मुलगा गंभीर झाला. सरोवराच्या दक्षिणेला २००७ च्या जूनमध्ये पूर्ण न विझविलेल्या एका बेकायदा शेकोटीतून वणवा भडकला होता. सुमारे ३,१०० एकर रान आणि अडीचशेच्या आसपास घरे त्यात भस्मसात झाली. त्याही आधी, १८६१ मध्ये, प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन याच सरोवराकाठी मुक्कामाला असता त्याच्या चुलीचा विस्तव सुटून रान पेटले होते. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

शेठजी क्षणभर थबकले. विस्तवावर पाणी ओतायचे म्हणजे अग्निकाय आणि अप्काय दोन्ही जीवांची विराधना. न ओतावे, तर रानातील असंख्य त्रसजीव आणि झोपलेली माणसे यांचा घात. सर्वथा अहिंसा साधूला साधते. श्रावक अणुव्रती असतो, त्याला अल्प दोष पत्करून महादोष टाळावा लागतो. त्यांनी तांदळाच्या पाण्याची बादली आणली. मुलाने काठीने राख ढवळली, शेठजींनी पाणी ओतले. पुन्हा ढवळले, पुन्हा ओतले. शेवटी दोघांनी राखेवर हात ठेवून पाहिला. राख थंड होती. एवढा वेळ बिस्किट शेठजींच्या पायाशी निमूट बसून होती.

शेठजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा कर्मादानांत दावाग्नी लावणे हे एक कर्मादान, सरोवर आटविणे हे दुसरे आणि असतीपोषण हे तिसरे. कुत्रा पाळणे त्यातच येते असे मी धरून चाललो होतो. पण हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात अर्थ स्पष्ट केला आहे. धनासाठी प्राणी पोसणे, तो दोष. तू तर हिच्यावर खर्चच करतोस."

"बाबा, हिला कोणी घेत नव्हते."

"तिला खायला काय घालता?"

मुलाने सांगितले की कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी प्राणी नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने तिला संपूर्ण पोषणाचे शाकाहारी खाद्य दिले जाते, वेळोवेळी रक्त तपासले जाते आणि तिची भांडी स्वयंपाकघराबाहेर असतात.

त्या सकाळी सामायिक आटोपून शेठजी प्रथमच मुलाच्या गाडीच्या पायरीपाशी गेले आणि सुनेला म्हणाले, "बेटा, उकळलेले पाणी असेल तर दे."

सुनेचा हात थरथरला. शेठाणी दूरून पाहत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. नातीने विचारले, "आजोबा, तुमचा नियम?"

"तो नियम नव्हता, बाळ. नियम शांत मनाने घेतात. मी रागात बोललो होतो. रागाच्या शब्दाला नियम म्हणत दोन वर्षे मिरविला, त्याचे प्रायश्चित्त म्हणून उद्या उपवास करीन."

परतीच्या वाटेवर मुलाने मनातला बेत सांगितला. असेच एक मोटारहोम विकत घ्यायचे होते. किंमत १,४०,००० डॉलर. २८,००० रोख, उरलेले कर्ज आठ टक्के दराने पंधरा वर्षांचे. शेठजींनी कागद मागितला. हप्ता महिना सुमारे १,०७० डॉलर. पंधरा वर्षांत फेड १,९२,००० च्या वर, म्हणजे व्याजच ८०,००० पेक्षा अधिक. विमा, दुरुस्ती आणि गाडी उभी करण्याचे भाडे वेगळे.

"वर्षात वापरशील किती दिवस?"

"दहा-बारा."

"दिवस बारा आणि महिनेही बारा. म्हणजे एका दिवसाची मौज एका महिन्याच्या हप्त्याला पडली. या खेपेला भाडे काय दिलेस?"

"दिवसाला चारशेच्या आसपास."

शेठजींनी कागद घडी करून मुलाच्या हाती दिला. "घेऊ नकोस असे मी म्हणत नाही. तुझी कमाई आहे. पण गाडी दारात उभी राहिली की ती वापरली जात नाही म्हणून मन खात राहील. वापरली तर कामे अडतील. भाड्याची गाडी परत दिली की सुटलो. परिग्रह वस्तूत कमी आणि 'माझी' म्हणण्यात अधिक असतो."

मुलाने बेत पुढे ढकलला. त्या संध्याकाळी गाड्या परत केल्यावर शेठजींचे सामान मित्राच्या घरी गेले नाही, मुलाच्या घरी गेले. बिस्किटला पायऱ्या चढवत नव्हत्या. नात तिला उचलू लागली, तेव्हा शेठजींनी हातातील पिशवी खाली ठेवली आणि मागून आधार दिला.

आपल्या समाजातील किती घरांत आज रागात बोललेला एखादा शब्द नियमाचे सोंग घेऊन उंबऱ्यावर बसला आहे! कुठे भावाभावांत, कुठे लेकीच्या सासरशी, कुठे पेढीच्या वाटणीवरून. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' सर्वांना पाठविले जाते. ज्याला खरोखर पाठवायला हवे, तेवढे नाव मात्र यादीतून गळते. व्रत माणसाला मर्यादा घालते आणि अहंकारही घालतो. पण व्रताच्या मर्यादेत जीवाला अभय मिळते, अहंकाराच्या मर्यादेत आपलीच माणसे बाहेर राहतात. वरची राख पांढरी दिसली म्हणून निखारा विझला असे समजू नये. ढवळावे, पाणी घालावे आणि हात ठेवून पाहावे.