बोगद्यापूर्वी डोंगर किती स्पष्ट दिसतो?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या 'मिसिंग लिंक'चे काम २०१९ मध्ये सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पोटात सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा बोगदा आला. त्याचा काही भाग लोणावळा तलावाच्या तळाखालून, दीडशे मीटरहून अधिक खोलीवरून जातो. अशा ठिकाणी खोदाईपूर्वी खडकाचे अंतरंग किती बारकाईने पाहता येते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांपुरता उरत नाही. मजुरांची सुरक्षितता आणि डोंगरातील पाण्याचे प्रवाह त्याच्याशी निगडित आहेत.

भूगर्भाचे चित्र मिळविण्यासाठी जमिनीवर कृत्रिम कंपने निर्माण करून खडकांच्या थरांवरून परतणाऱ्या लहरींची नोंद घेतली जाते. घट्ट बेसॉल्टमधून या लहरी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने जातात. त्यांची वारंवारता ५० हर्ट्झ असेल, तर तरंगलांबी १०० मीटर भरते. तिच्या चौथ्या हिश्शाहून, म्हणजे २५ मीटरहून, पातळ थराच्या दोन्ही कडा वेगळ्या ओळखणे अवघड असते. दख्खनच्या लाव्हाथरांमधील तांबड्या मातकट खडकाचे पट्टे मात्र बहुधा काही मीटरही जाड नसतात आणि पाणी लागताच तेच प्रथम ढासळू लागतात.

वारंवारता दसपट केल्यास ही मर्यादा अडीच मीटरवर येते. परंतु अशा लहरी भेगाळलेल्या, झिजलेल्या थरांत लवकर विरतात. त्यामुळे केवळ मोठा स्फोट करून भागत नाही. विंधन छिद्रांत जिओफोन उतरविणे, ते कमी अंतरावर मांडणे आणि लहरींचा वेग प्रत्यक्ष मोजून चित्र सुधारत नेणे आवश्यक ठरते. खोदाई सुरू झाल्यावर बोगद्याच्या आतून पुढील शंभरएक मीटर खडकाचा वेधही याच पद्धतीने घेता येतो. त्याची अंतिम खातरजमा मात्र पुढे छिद्र घेऊनच होते.

या तपासणीस वेळ लागतो, खर्चही वाढतो. तथापि, खडक अचानक ढासळून काम थांबल्यास होणारे नुकसान त्याहून मोठे असते. म्हणूनच सर्वेक्षण अहवालात 'दोष आढळला नाही' एवढा शेरा पुरेसा मानता येणार नाही. वापरलेल्या पद्धतीने किमान किती जाडीचा कमकुवत थर दिसू शकला असता, हा आकडाही त्यात नमूद झाला पाहिजे. घाटातील यापुढच्या प्रत्येक बोगद्याच्या निविदेतच ही अट घालणे योग्य ठरेल.