पथक पाहावे सरावाला जाऊन

पुण्यात जून लागला की दोन जाहिराती हमखास दिसू लागतात. एक अकरावीच्या क्लासची, दुसरी ढोल-ताशा पथकाची. चौकातल्या फ्लेक्सवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचे फोटो झळकतात: पांढरे झब्बे, केशरी फेटे, हवेत उंच गेलेले टिपरू, गर्दीच्या डोक्यावर फिरणारा ध्वज. खाली ओळ असते, 'नवीन वादकांची नोंदणी सुरू'. कॉलेजच्या पोरापोरींपासून हिंजवडीला संगणकापुढे दिवस काढणाऱ्यांपर्यंत कितीतरी जण ते फोटो पाहून मनाशी ठरवतात, यंदा आपणही वाजवायचे. इथवर सगळे ठीक. घोटाळा पुढे होतो, कारण कोणत्या पथकात जायचे हेही बहुतेक जण त्याच फोटोवरून ठरवतात.

मिरवणूक एक दिवसाची. गणपतीच्या दहा दिवसांत आणखी चार-सहा वादने होतील फार तर. त्याआधी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी सराव असतो आणि पथकातला वादकाचा खरा संसार तिथेच होतो. फोटोत जे दिसत नाही ते सगळे सरावात दिसते. पथक तिथेच पारखावे.

पथकांचा हा पसारा तसा फार जुना नाही. पूर्वी विसर्जन मिरवणुकीला मुळशी, मावळ, भोरकडच्या गावांमधून ढोल-लेझमाचे ताफे पुण्यात येत आणि मंडळे त्यांना सुपारी देत. शहरातल्या पांढरपेशा घरांतली मुले तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी राहून बघणारी. त्यांना रस्त्यावर उतरवले ते शाळांनी. आप्पा पेंडसे यांनी 1962 साली सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचे नाव त्यात आधी घ्यावे लागते. मुलींच्या कमरेला ढोल बांधण्याचे धाडसही प्रबोधिनीने लवकर केले. रमणबाग, नूमवि, गरवारे प्रशाला यांची पथके पुण्यात नावाजली. शाळा सुटली तरी ढोल सुटेना, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आपापली पथके काढली. मग पेठापेठांत, उपनगरांत पथके निघाली. आज लक्ष्मी रस्त्यावर वाजवणारा वादक आयटीवाला असतो, डॉक्टर असतो, नाटकातला नटही असतो.

आता सरावाकडे वळू. नदीपात्रात, म्हात्रे पुलापासून खालच्या अंगाला, पावसाळ्यात पत्र्याचे आणि ताडपत्रीचे मांडव उभे राहतात. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की तिथला सराव बंद. एरवी दिवेलागणीला वादक जमू लागतात. कमरेभोवती आधी उपरणे घट्ट गुंडाळायचे, त्यावर ढोल दोरीने बांधायचा. गाठ सैल राहिली तर ढोल प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो, फार आवळली तर तासाभरात पाठ धरते. उजव्या हातात टिपरू, डाव्या तळव्याची थापी. पहिल्या आठवड्यात बोटांच्या पेरांवर फोड येतात आणि फुटतात; मग त्यावर चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा वाजवायचे. ताशेवाला तर्री धरतो, त्याची उचल आली की ढोलांची रांग एकदम उठते. दमट हवेत चामड्याचे पान सैल पडते आणि आवाज बसतो. अनेक पथके फायबरचे पान वापरू लागली त्याचे हे एक कारण.

इथे नवख्याने कान देऊन ऐकावे. मागच्या रांगेतला एक वादक अर्ध्या मात्रेने मागे पडतो आहे, हे पन्नास ढोलांच्या गजरात कळणार कोणाला? चांगल्या पथकात कळते. शिकवणारा हात वर करतो, वादन थांबते, त्या एकट्याला तो ठेका वाजवून दाखवतो, आधी तोंडाने म्हणायला लावतो आणि मगच सगळे पुन्हा सुरू करतात. जिथे नुसता आवाज वाढवत नेतात आणि चुका त्या आवाजात झाकल्या जातात, तिथे दोन महिने घालवूनही माणूस साधा भजनी ठेका नीट शिकत नाही. ताशाचे तर विचारूच नका. दोन काड्यांची ती तर्री स्वच्छ यायला एक हंगाम पुरत नाही. 'पंधरा दिवसांत ताशा शिकवतो' असे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेले बरे.

पथक आणि वादक यांत कोणी कोणाला पारखायचे, याबाबत अमेरिकेत अगदी उलट चालते. तिथल्या ड्रम कोअर पथकांची शिखर संस्था 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' 1971 साली स्थापन झाली आणि पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी झाली. आता अंतिम फेरी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या छप्पर असलेल्या फुटबॉल मैदानात होते. ड्रम, पितळी वाद्ये आणि झेंडे घेऊन नाचणारा ताफा मिळून एका पथकात जास्तीत जास्त 165 जण. वयाची अट कडक. बाविशी गाठली की मुख्य स्पर्धेची दारे बंद. हिवाळ्यात निवड-चाचण्या होतात. निवड झाली की काही हजार डॉलर भरायचे आणि अख्खा उन्हाळा बसने गावोगाव हिंडत, रात्री कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपत काढायचा. तिथे पथक वादकाला पारखून घेते. पुण्यात बहुतेक पथकांचे दार सताड उघडे असते, ही त्यांची श्रीमंतीच. मात्र त्यामुळे पारखण्याचे काम वादकाच्या अंगावर येते.

काय पारखायचे? शिकवण्यानंतर पहिला प्रश्न पैशाचा.

मंडळे पथकाला सुपारी देतात. वादक बहुतेक पथकांत बिनपैशाचे वाजवतात, उलट झब्बा-फेट्याचे पैसे स्वतःच भरतात. मग सुपारीचे पैसे जातात कुठे? नवे ढोल, फुटलेली पाने, टेम्पोचे भाडे, मांडव, चहा-नाश्ता असा रास्त खर्च असतोच. अनेक पथके उरलेली रक्कम एखाद्या शाळेला, वसतिगृहाला, दुष्काळी गावाला देतात आणि ते जाहीरही करतात. जे पथक महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 खाली नोंदलेले आहे, त्याला हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात. तेव्हा 'नोंदणी आहे का आणि गेल्या वर्षीचा हिशेब सभासदांपुढे ठेवला होता का', एवढे विचारायला कोणी लाजू नये. या प्रश्नावर पथकप्रमुखाच्या कपाळाला आठी पडली तर उत्तर मिळाले असे समजावे.

दुसरा प्रश्न मुलींच्या आणि अल्पवयीन मुलांच्या सुरक्षेचा. सराव रात्री संपतो, मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. घरी कोण सोडणार, पथकात जबाबदार बाई कोण आहे, तक्रार आली तर ऐकणार कोण, दारू पिऊन आलेल्याला त्याच पावली परत पाठवतात का? जाणती पथके वादकांभोवती दोरीचे कडे धरतात आणि त्या दोरीवर आपलीच दणकट माणसे उभी करतात. अमेरिकेतले 'द कॅडेट्स' हे 1934 साली स्थापन झालेले, अनेक अजिंक्यपदे मिळवलेले पथक 2024 मध्ये बंद पडले. 1980च्या दशकातल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून दाखल झालेला दावा आणि त्यापायी आलेला आर्थिक बोजा त्याला पेलला नाही. नाव मोठे आहे म्हणून हा प्रश्न गिळायचा नसतो.

तिसरा प्रश्न कानाचा. याविषयी पथकांत सगळ्यात कमी बोलले जाते. सीओईपी या पुण्यातल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी आणि प्राध्यापक दरवर्षी विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात. 2023 साली त्याची सरासरी शंभर डेसिबलच्या वर गेली होती. त्यात स्पीकरच्या भिंतींचा वाटा मोठा, पण ढोल-ताशाही काही कुजबुजत नाहीत. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब साधा आहे. 85 डेसिबलला आठ तास चालतील. पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते आणि शंभर डेसिबलला पंधरा मिनिटांवर येते. वादक मात्र ताशाच्या काड्यांपासून हातभर अंतरावर दोन-दोन तास उभा असतो आणि दोन महिने रोज उभा असतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात घातले तर ठेका चुकत नाही. सरावाला शिकवणाऱ्याच्याच कानात बोळे दिसले तर ते पथक डोळे मिटून चांगले समजावे.

कान फक्त वादकांना नसतात, नदीकाठच्या सोसायट्यांतल्या लोकांनाही असतात. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा वाजवण्यावर बंदी असते आणि वर्षातून फार तर पंधरा दिवस सरकार ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. सरावाच्या आवाजाच्या तक्रारी दर पावसाळ्यात पोलिसांकडे जातात. 30 ऑगस्ट 2024 रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने तर एका पथकात तीसपेक्षा जास्त जण नकोत, असा आदेश दिला. पथके सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 12 सप्टेंबरला, विसर्जनाच्या पाच दिवस आधी, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्या अटीला स्थगिती दिली. ढोल-ताशा वाजू द्या, तो पुण्याचा प्राण आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे त्या वेळी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. पथकांनी पेढे वाटले असतील तर योग्यच केले. पण स्थगिती वादकांच्या संख्येवरच्या अटीला मिळाली. रात्री अकराला शेजारच्या आजारी माणसाची झोप उडवायची मुभा मिळाली नाही. ठरल्या वेळी हात थांबवणारे पथक हवे.

मिरवणुकीचा दिवस फोटोत कसा दिसतो आणि प्रत्यक्षात कसा जातो, हेही आधी माहीत असलेले बरे. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकात वळते, लक्ष्मी रस्त्याने जाते आणि अलका टॉकीजच्या चौकात पोहोचते. चालत गेले तर हे अंतर अर्ध्या तासाचेही नाही. मिरवणूक संपायला चोवीस तासांहून अधिक लागतात. मानाचे पाच गणपती पुढे गेल्याशिवाय बाकीच्यांना वाट मिळत नाही. दुपारी फेटे बांधून हजर झालेले पथक एखाद्या बोळात रात्रीपर्यंत ताटकळते. भूक लागते, फेटा सुटतो, पाय भरून येतात. त्या वेळी पाण्याच्या बाटल्या, केळी, वडापाव घेऊन फिरणारा माणूस पथकात आहे की नाही, यावर पुढचे वादन ठरते. तो माणूस कोण हेही सरावातच कळते, कारण तिथेही चहा तोच वाटत असतो.

सगळ्यांनी ढोलच मागावा असेही नाही. ज्याची पाठ कुरकुरते त्याने झांज घ्यावी. ध्वज नाचवायला खांद्यात बळ आणि तोल लागतो, टोल वाजवणाऱ्याला लय चोख हवी. गणपतीच्या दहा दिवसांपुरतीच ही हौस आहे असेही नाही. डोंबिवलीत 1999 साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, त्यानंतर ठाणे, गिरगाव अशी ती पसरत गेली आणि पथकांना चैत्रातही काम मिळाले. नाशिककरांचा ढोल वेगळ्या चालीचा, जास्त उडता; पुण्यात शिकलेल्याला तो लगेच जमत नाही. लंडन-अमेरिकेतल्या मराठी मंडळींनीही आपापल्या गावी पथके उभी केली आहेत. शिकायला परदेशी निघालेल्या मुलांनी इथला ठेका पक्का करून नेला तर तिथे त्यांना लगेच हाक येईल.

2026 साली अधिक ज्येष्ठामुळे गणपती उशिरा आहेत. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला. आदल्या वर्षी गणपती 27 ऑगस्टलाच बसले होते, म्हणजे यंदा सरावाला अठरा दिवस जास्त मिळणार. त्यातल्या दोन-तीन संध्याकाळी फॉर्म न भरता नुसते जाऊन बसा. एका पथकाला बघा, मग दुसऱ्याला. शिकवणारा कसा थांबवतो ते ऐका, हिशेबाचे विचारा, वादन किती वाजता बंद होते ते घड्याळात बघा. मगच नाव नोंदवा, आणि जाताना कानात घालायचे बोळे विसरू नका.