गाडी मालकाची, आराखडा कंपनीचा

ऊसतोड मजुरांच्या ट्रॉलीपासून हौशी तरुणाच्या जीपपर्यंत आष्टीच्या रस्त्यावर कारखान्यातून निघाले तसेच राहिलेले वाहन क्वचितच दिसते. कायद्याला मात्र गरजेपोटी केलेला बदल आणि मिरवण्यासाठी केलेला बदल यांत फरक करता येत नाही. जीवघेणा बदल आणि निरुपद्रवी बदल यांतही तो पुरेसा फरक करत नाही, ही खरी अडचण आहे.

दसरा-दिवाळी उलटली की आष्टी तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोड मजुरांची वाहने पश्चिम महाराष्ट्राच्या दिशेने निघतात. ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत संसार, जळण, शेळ्या आणि सर्वांत वर मुले. ट्रॉलीची फळी गावच्या लोहाराकडून हातभर उंच करून घेतलेली असते, जोडणीचा दांडा दोनदा वेल्डिंग केलेला असतो आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर भलेमोठे स्पीकर बसवलेले असतात. एकेकाळी या प्रदेशातील उसाच्या बैलगाडीला ट्रकचे जुने टायर लावले गेले आणि तिची ‘टायरगाडी’ झाली. वाहनात सुधारणा करण्याची आपल्याकडील ही जुनी आणि खरोखर उपयोगी पडलेली तऱ्हा. तिला कोणी परवानगी विचारली नाही, आणि विचारायची झाली असती तर कोणाला, हेही कोणास ठाऊक नव्हते.

याच रस्त्यावर, याच ट्रॉल्यांना ओलांडत, दुसऱ्या जातीचे वाहन धावत असते. रुंद टायर, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर चार दिवे आणि मागच्या काचेवर नेत्याचे किंवा देवाचे चित्र. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी गाडी हे केवळ प्रवासाचे साधन नसते. ती माणसाची पत असते. त्यामुळे कोणती गाडी घ्यावी आणि घेतल्यावर तिच्यात काय काय करावे, या विषयावर चहाच्या टपरीवर जितकी सखोल चर्चा होते तितकी ती अर्थसंकल्पावर होत नाही.

प्रस्तुत लेखक या चर्चेचा जुना वारकरी आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. लिलावातून फिरत फिरत आलेली एक जुनी डिझेल जीप हे त्याचे पहिले वाहन. त्या जीपवर त्याने हौसेने जे प्रयोग केले त्यांतील निम्मे आज तो कोणालाही करू देणार नाही. पहिला प्रयोग दिव्यांचा. त्या काळच्या हॅलोजन दिव्याची मान्य क्षमता ६०/५५ वॅट. बाजारात १००/९० वॅटचे बल्ब सहज मिळत आणि बसतही तिथेच. कडा ते आष्टी हा रात्रीचा रस्ता दिवसासारखा दिसू लागला. पण बारा व्होल्टवर ६० वॅटचा एक दिवा पाच अँपिअर ओढतो, तर १०० वॅटचा आठाहून अधिक. दोन दिव्यांचा हा वाढीव भार मूळच्या बारीक तारेतून आणि स्विचमधून जात होता. मध्ये रिले बसवावा लागतो, हे बसवून देणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि बसवून घेणाऱ्यालाही. जामखेडच्या अलीकडे एका रात्री डॅशबोर्डाखालून जळका वास आला आणि सर्व दिवे एकदम गेले. समोरून ट्रॅक्टर येत होता. त्याला दिवा नव्हताच. त्या रात्री अपघात झाला नाही, याचे श्रेय केवळ योगायोगाला.

दुसरा प्रयोग टायरचा. २१५/७५ आर १५ मापाच्या जागी २३५/७५ आर १५ घातले की गाडी उंच, रुबाबदार दिसते, खड्ड्यांतही जरा सुखाने जाते. गणित मात्र कोणी सांगत नाही. पहिल्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७३३. म्हणजे चाकाची प्रत्येक फेरी सव्वाचार टक्के जास्त अंतर कापते. काट्यावर ८० दिसत असताना गाडी ८३च्या पुढे असते, ब्रेकवरचा ताण वाढतो, स्टिअरिंग जड होते आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो. हा बदल दिव्यांइतका घातक नव्हे, पण निरुपद्रवीही नव्हे. तिसरा प्रयोग, आसनांखाली जाड रबर घालून धक्के कमी करण्याचा. तो पूर्ण यशस्वी झाला आणि त्याने कोणाचेही काही बिघडवले नाही.

हे तीन अनुभव एवढ्यासाठीच सांगितले की, बदल हा एकच शब्द असला तरी त्याच्या परिणामांची उतरंड असते. मोटार वाहन कायदा ही उतरंड फारशी मानत नाही. १९८८च्या कायद्यातील कलम ५२ मुळात नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने बदल करण्याची वाट ठेवत होते. २०००च्या दुरुस्तीने ही वाट अरुंद झाली. नोंदणी पुस्तिकेतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येणार नाही, असे ठरले. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. रंग बदलणे वा किरकोळ जोडण्या चालतील, परंतु वाहनाच्या मूळ रचनेला हात लावता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

न्यायालयाची भूमिका चुकीची होती, असे म्हणवत नाही. बसची लांबी वाढवणे, मालमोटारीच्या चासीला जोड देणे, जीपमध्ये आडवी बाकडी टाकून दुप्पट माणसे कोंबणे, हे प्रकार या देशात सर्रास झाले आणि त्यांत माणसे मेली. काळ्या-पिवळ्या जीपने वडाप केलेल्या प्रत्येकाला मागच्या पायरीवर लटकण्याचा अनुभव आहे. जो आराखडा तपासला गेला त्याचीच हमी देता येते, हा तर्क बिनतोड आहे. पुढच्या लोखंडी गार्डचेच पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करण्यास सांगितले. त्यामागे ठोस कारण होते. आधुनिक गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा, त्याने आघात गिळावा आणि तेवढ्या वेळात संवेदकांनी एअरबॅग उघडावी, अशी सारी योजना असते. थेट चासीला आवळलेला गार्ड हा हिशेबच मोडतो. शिवाय समोर पादचारी असेल तर त्याच्या वाट्याला चेपणारा पत्रा न येता लोखंडी नळी येते. १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅपच्या चाचण्यांतून गाड्यांना तारेही मिळू लागले. पण ते तारे कंपनीच्या मूळ गाडीचे असतात, गार्ड लावलेल्या गाडीचे नव्हेत. पंधरा लाखांची गाडी तारे पाहून घ्यायची आणि पंधरा हजारांचा गार्ड लावून ते तारे पुसून टाकायचे, हा व्यवहार आष्टीत आणि पुण्यातही सारख्याच उत्साहाने चालतो.

तरीही प्रश्न उरतो. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून, सुमारे साठ हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही आणि आज ना उद्या ती अडवली जाईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये तो बदला पूर्ण झाला. गोष्ट गोड आहे. परंतु एका उद्योगपतीचे लक्ष गेले म्हणून एका कारागिराचा प्रश्न सुटला, हे व्यवस्थेचे यश मानता येत नाही. लोहार यांनी ती गाडी रीतसर तपासून घ्यायचे ठरवले असते, तर ते कोणत्या खिडकीवर गेले असते?

उत्तर म्हटले तर जवळच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार वाहनांची नमुना-मान्यता देणाऱ्या ज्या मोजक्या संस्था आहेत, त्यांतील एआरएआय आणि सीआयआरटी या दोन पुण्यात आहेत. तिसरी, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, खुद्द अहिल्यानगरजवळ वाहननगरला. आष्टीहून तेथे जाण्यासाठी २३ सप्टेंबर २०२२पासून रेल्वेही आहे, अंतर जेमतेम ६६ किलोमीटर. देशातील वाहनपरीक्षणाचे एवढे मोठे ज्ञान आपल्या अंगणात आहे. परंतु या संस्थांची दारे उत्पादकांसाठी घडवलेली आहेत. तेथे नमुना तपासला जातो, मग त्याच्या हजारो प्रती रस्त्यावर येतात आणि तपासणीचा खर्च त्या प्रतींवर वाटला जातो. एकच ट्रॉली, एकच जीप घेऊन आलेल्या माणसाला हा खर्चही झेपणारा नाही आणि ही प्रक्रियाही. सीएनजी किटला मात्र हेच दार उघडे आहे. किटचा नमुना मान्य झालेला असतो, अधिकृत ठिकाणी ते बसवले जाते आणि परिवहन कार्यालय पुस्तिकेत नोंद करते. अपंग व्यक्तीसाठी अनुकूल करून घेतलेल्या वाहनाच्या नोंदणीचीही सोय २०१९च्या दुरुस्तीत झाली. म्हणजे बदल तपासून मान्य करण्याची पद्धत आपल्याला अपरिचित नाही. ती फक्त दोन-तीन ठिकाणी लागू करून आपण थांबलो आहोत.

हाच मार्ग ट्रॉलीच्या वाढीव फळीला, जोडणीच्या दांड्याला, मान्य क्षमतेच्या दिव्यांना का लागू होऊ नये? ठरलेल्या जाडीचा, ठरलेल्या वेल्डिंगचा दांडा नमुना म्हणून व्हीआरडीईने वा एआरएआयने एकदा तपासावा, कड्याच्या वेल्डरला त्याचा नकाशा मिळावा आणि जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाने हंगामापूर्वी ट्रॉली पाहून शिक्का मारावा. आज होते ते उलटेच. दांडा कसाही जोडलेला असतो आणि मुकादम, कारखाना व पोलीस या तिघांचेही त्याकडे लक्ष नसते. हौशी तरुणाला मात्र नाक्यावर हमखास अडवले जाते, कारण त्याच्या खिशात दंड भरण्याइतके पैसे असतात. अपघात झाल्यावर विमा कंपनीला हरकत घेण्यास जागा मिळते, तेव्हाच बदलाची खरी किंमत मालकाला कळते.

जाता जाता एक गंमत. मालकाने गाडीचा मूळ आराखडा मोडू नये म्हणणाऱ्या सरकारने २०२५पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. जुन्या गाड्या या मिश्रणासाठी घडवलेल्या नव्हत्या, त्यांचा मायलेज घटतो आणि रबरी नळ्यांची चिंता मालकाला. या इथेनॉलचा एक भाग उसापासून येतो आणि तो ऊस आष्टीच्या माणसांनीच तोडलेला असतो. धोरण म्हणून त्याच्या बाजूने बोलता येते, परकीय चलन वाचते हेही खरे. पण कायद्याच्या भाषेत हा ‘बदल’ ठरत नाही.

नवी गाडी घ्यायला निघालेला आष्टीचा माणस लेखकाला सल्ला विचारतो तेव्हा सुरुवात नेहमी टायर आणि गार्डपासून होते. त्याला आता एवढेच विचारले जाते की जी उंची, जे टायर, जे दिवे नंतर बसवायचे आहेत, ते कंपनीच्याच वरच्या श्रेणीत मिळतात का? बहुधा मिळतात, चाळीस-पन्नास हजार जास्त पडतात, पण ते आराखड्यासह तपासलेले असतात आणि पुस्तिकेशी विसंगत नसतात. सुटे भाग नगरला मिळतात की पुण्याहून मागवावे लागतात, हा दुसरा प्रश्न. तिसरा प्रश्न ट्रॉलीवाल्याला: मागे लाल परावर्तक पट्टी आहे का? ती नियमानेच बंधनकारक आहे, थोडक्या पैशांत मिळते आणि लावायला वेल्डरही लागत नाही. कडा-आष्टी रस्त्यावर गेल्या हंगामात लेखकाच्या पुढे गेलेल्या ट्रॉल्यांपैकी बहुतेकांना ती नव्हती. स्पीकर मात्र सगळ्यांना होते.