डोंबिवलीच्या भिंतीवर सतरा अंक

मुंबईच्या लोकल स्थानकांच्या भिंती हल्ली चित्रांनी रंगवतात. छान दिसतं. डोंबिवलीच्या एखाद्या भिंतीवर मात्र मला चित्र नको, एक संख्या हवी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१.

तीस वर्षं मी इथून दादरच्या शाळेत गणित शिकवायला गेले. या संख्येचं आपल्या गावाशी नातं आहे, हे मात्र कळलं निवृत्तीच्या तोंडावर. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आपल्याला माहीत असतात ते ६१७४ मुळे. त्यांनीच अभ्यासलेल्या आणखी एका कुळाचं नाव ‘डेमलो संख्या’. जी.आय.पी. रेल्वेच्या काळातलं डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना इथल्या स्थानकावर सुचला, म्हणून स्थानकाचंच नाव दिलं. आम्ही याच फलाटावर उभं राहून इंडिकेटरकडे बघण्यापलीकडे काय केलं?

भिंतीसाठी मागितलेली संख्या याच कुळातली: नऊ एकांचा वर्ग. १११११११११ ला त्याच संख्येने गुणा. कागदावरच करा, कारण गंमत मांडणीत आहे. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज. कडेच्या घरात एकच एक, पुढच्यात दोन, मग तीन, असं चढत मधल्या घरात नऊ, आणि मग उतार. हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतलेत की मधल्या घरात दहा जमतात, हातचा सरकतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. वर जाताना आठ गळाला, शिखरावर दोन शून्यं. वर्गात मी हे दोन्ही गुणाकार करायला लावायची. पहिला जमला की मुलं हसायची. दुसऱ्याला मात्र ‘बाई, चुकलं’ म्हणून वही घेऊन यायची. चुकलेलं नसायचं. हातचा म्हणजे काय, हे त्या दिवशी कळायचं.

नातवाने हा वर्ग स्प्रेडशीटमध्ये केला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. तिथे पहिले पंधरा अंकच जपतात, पुढे शून्यं भरतात. त्याला ते उत्तर खरंच वाटलं. मी म्हटलं, अरे, १ चा वर्ग १, मग शेवटचा अंक शून्य कसा होईल? तो गप्प झाला आणि पेन्सिल शोधायला गेला.

वाचायची कशी, हाही प्रश्न आहेच. वर्तमानपत्रं ‘लाख कोटी’वर थांबतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावं आहेत. त्या हिशेबाने आपली संख्या परार्धाच्या एक पायरी अलीकडे, ‘मध्य’ स्थानावर सुरू होते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू… शिखरावरचे नऊ अर्बुदाच्या घरात. (मध्य रेल्वेला याहून चांगला योग कुठे मिळणार!)

लेडीज डब्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, आधी सरकते जिने मागा, आकडे कसले रंगवताय. जिने हवेतच. पण दोन डबे रंगाने कुठलाही जिना अडत नाही. शाळामास्तराने पगारी संशोधक नसताना जे केलं, त्याची खूण त्याच्या डेमलोत नसावी, हे मला खटकतं.

तेव्हा रेल्वेच्या अधिकाऱ्यांना विनंती: रुळांलगतची एखादी लांब भिंत निवडा, हातभर उंचीचे सतरा अंक काढा, खाली कापरेकरांचं नाव आणि ‘डेमलो’ हा शब्द लिहा. कल्याणकडून येणारी गाडी असो की मुंबईकडून, खिडकीतल्या माणसाला अंक त्याच क्रमाने दिसतील.