टिटवीची अंडी आणि आपली मोकळी कुत्री

शाळेमागच्या माळावर मागच्या मार्चमध्ये टिटवीने अंडी घातली. घरटं म्हणजे काय, तर जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती चार खडे. त्यात मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी. चौथीची मुलं लांबूनच बघायची आणि रोज वहीत नोंद करायची. अकराव्या दिवशीची नोंद होती, ‘अंडी नाहीत. कुत्र्याच्या पायांचे ठसे आहेत.’

मुलं कुत्र्यावर चिडली. मला मात्र वाटतं, चूक आपली आहे.

टिटवी, तित्तर, चंडोल, माळढोक हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. अंड्यांचा रंग मातीत मिसळतो, त्यामुळे घार-कावळे फसतात. पण कुत्रं वासाने शोधतं. धोका दिसला की पिल्लू जागीच दबून बसतं, आणि कुत्र्यापुढे नेमकी हीच सवय नडते. कुत्र्याने अंडी खाल्ली नाहीत तरी नुकसान होतंच. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. कुत्रं सारखं फिरकलं की ती उठून ओरडत राहते, इकडे अंडी तापतात.

टिटवी निदान पुन्हा अंडी घालू शकते. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी आज तिथे तो दिसणं दुर्मिळ झालंय. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. मोकळ्या कुत्र्यांचा धोकाही त्यातलाच.

मग कुत्री मारायची का? मुळीच नाही. आमच्या माळावर ती यायची पोषण आहाराच्या उरलेल्या खिचडीसाठी. ती कुंपणापलीकडे आम्हीच टाकत होतो! आता झाकणाचा खड्डा केलाय.

एक पालक म्हणाले, “सर, कुत्रं बांधलं तर राखण कोण करणार?” रास्त प्रश्न आहे. रात्री अंगणात राखू द्या की! पण मार्च ते ऑगस्ट दिवसा माळावर मोकळं सोडू नका. गावातल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण व्हावं, हा विषय ग्रामसभेत आपणच मांडायला हवा.

शिक्षक मित्रांनो, ‘परिसर अभ्यास’ शिकवताना मुलांना टिटवी जरूर दाखवा, पण लांबूनच. आणि आधी एकदा आपल्या शाळेचं खरकटं कुठे जातं ते बघा.